फरशीचे सांधे, माणसांचे सांधे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे सहाच्या सुमारास दार वाजले. दारात शेजारच्या आळीतला एक ओळखीचा गृहस्थ उभा होता. "डॉक्टर, आई न्हाणीघरात पडली. उठवतच नाही," एवढेच तो बोलला. जाऊन पाहिले तो बाहत्तर वर्षांच्या आजी ओल्या फरशीवर आडव्या. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले होते. खुब्याचे हाड मोडले आहे हे सांगायला एक्स-रेची गरज नव्हती. आजींना फळीवर घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले आणि पुढे ऑपरेशनही झाले.

त्यांचा मुलगा नंतर म्हणाला, "कोपऱ्यातली एक फरशी दोन वर्षं हलत होती, डॉक्टर. पाय पडला की पचकन पाणी वर यायचं. करू करू म्हणत राहून गेलं." आजींना ती फरशी ठाऊक होती, तिला वळसा घालूनच त्या जात. पण त्या पहाटे वीज गेलेली होती आणि अंधारात पाय नेमका तिच्यावर पडला.

"करू करू म्हणत राहून गेलं" हे वाक्य मी बऱ्याच घरांत ऐकले आहे. दिवाणखान्याला रंग दर चार वर्षांनी दिला जातो. बाथरूमची फरशी मात्र पाहुण्यांना दिसत नाही, म्हणून ती मागे पडते. आरोग्याच्या सदरात गवंडीकाम कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण हाडे, त्वचा, श्वास आणि पिण्याचे पाणी या चारही गोष्टींचा या फरशीशी संबंध आहे. म्हणून आज तिच्याविषयी.

ओल्या फरशीचे आजार

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली दिलेल्या माहितीनुसार, पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे दगावतात. त्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. तरुण माणूस घसरला तर हात टेकून सावरतो. वयस्कर माणसाची नजर मंदावलेली, स्नायू सैल आणि हाडे ठिसूळ झालेली असतात. त्याच्या बाबतीत अर्ध्या इंचाचा खड्डाही पुरतो.

दुसरी गोष्ट पायांची. फरशीवर सतत पाणी साचत असेल तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, औषध लावले की जातात आणि महिन्याभरात पुन्हा येतात. घरात मधुमेही असेल तर धोका वाढतो. जुन्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी होते. टवका उडालेल्या फरशीची धार तळपायाला लागली तरी कळत नाही आणि ती जखम चिघळते.

तिसरी गोष्ट श्वासाची. फरशीखालची ओल भिंतीत चढते, पोपडे निघतात आणि त्यावर काळी बुरशी धरते. दमट, बुरशी आलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, दमा आणि श्वसनाचे इतर त्रास जास्त होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातील ओलीविषयीच्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. मुलाचा खोकला जात नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर बाथरूमच्या पलीकडची भिंतही एकदा पाहावी.

चौथी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसते. पाणी चालू असताना गळक्या नळीतून ते बाहेर जाते. पाणी बंद झाले की नळीतला दाब उतरतो आणि भोवतालची घाण त्याच छिद्रातून आत ओढली जाते. फरशीखाली पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी शेजारी शेजारी असतील आणि दोन्ही गळत असतील, तर कावीळ, विषमज्वर, जुलाब यांना घरातूनच वाट मिळते. असा संशय असेल तर दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.

आधी निदान, मग छिन्नी

ताप आला की कारण न शोधता गोळी घेणे जसे चुकीचे, तसेच ओल दिसली की फरशी फोडायला घेणे चुकीचे. पाणी कोठून येते हे न कळता नवी फरशी बसवली तर वर्षभरात तीही उचलते. निदान घरच्या घरी करता येते.

एक रुपयाचे नाणे किंवा छिन्नीची मूठ घेऊन प्रत्येक फरशीवर हलके ठोका. पक्क्या बसलेल्या फरशीचा आवाज टणक येतो. खालचा माल सुटला असेल तर आवाज पोकळ, ढबढब येतो. अशा फरशांवर खडूने खूण करा, म्हणजे बिघाड केवढ्या जागेत आहे ते समजेल. मग मधोमध तांब्याभर पाणी ओता. ते सरळ जाळीकडे गेले तर ढाळ ठीक आहे. कोपऱ्यात थबकले तर तेथे फरशी खचली आहे.

यानंतर दोन-तीन दिवस ते बाथरूम पूर्ण बंद ठेवा. पाणी सांडायचे नाही, पण नळांपर्यंतचे पाणी चालूच राहू द्यायचे. तरीही ओल तशीच राहिली तर पाणी आणणारी नळी गळत असण्याचा संभव जास्त. रात्री टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, घरातले सगळे नळ बंद ठेवा, आणि पातळी सकाळपर्यंत उतरली तर संशय पक्का होतो. ओल कमी झाली तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा सांडपाण्याच्या वाटेत आहे. बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ती थेट जाळीत ओता. खालच्या मजल्याच्या छतावर किंवा बाहेरच्या भिंतीवर निळा डाग उमटला तर नहाणी ट्रॅपचा किंवा त्यापुढच्या नळीचा सांधा गेला आहे असे समजा.

तळमजल्याच्या घरात आणखी एक भानगड असते. गळके पाणी फरशीखालचा भराव हळूहळू वाहून नेते आणि खाली पोकळी होते. आजींच्या बाथरूमची फरशी याच कारणाने हलत होती. ज्यांची घरे काळ्या मातीवर आहेत त्यांनी तर फारच जपावे. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते, त्यामुळे फरशीच काय, भिंतीही तडकतात. वरच्या मजल्यावर ओलीने स्लॅबमधल्या सळया गंजतात. गंज फुगतो आणि खालच्या छताचे काँक्रीट ढलप्यांनी पडू लागते. असे दिसले तर गवंड्यावर न थांबता इंजिनिअरला दाखवावे.

अॅसिडचा मोह

फरशीचे सांधे जाण्यामागे बऱ्याच घरांत एक कारण हमखास आढळते, ते म्हणजे अॅसिड. पिवळे डाग काढायला सणासुदीला अॅसिड ओतले जाते. फेस येतो, डाग जातात, सगळ्यांना बरे वाटते. पण तो फेस डागांचा नसतो. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. अॅसिड त्यांना आणि सांध्यांतल्या सिमेंटला खाते, म्हणून फेस येतो. दरवेळी थोडा सांधा विरघळतो आणि पाण्याला खाली उतरायला फट मिळते.

त्याहून गंभीर म्हणजे, अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसांना इजा करतो आणि जिवावरही बेतू शकते. या दोन वस्तू एकमेकींजवळ ठेवूसुद्धा नयेत. रोजच्या सफाईला धुण्याची पावडर, ब्रश आणि गरम पाणी पुरते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर तेलकट झालेली फरशीही त्यानेच निघते.

किती फोडायचे?

फक्त सांधे गेले असतील आणि फरशी टणक वाजत असेल तर फोडायचे काहीच कारण नाही. जुना भुसभुशीत सांधा खरवडून काढा, धूळ झाडा, आणि पाणी न शोषणारे सांधे भरण्याचे तयार मिश्रण रबरी पट्टीने दाबून भरा. नुसते पांढरे सिमेंट स्वस्त पडते, पण ते लवकर भेगाळते. हे काम घरातला कोणीही हौशी माणूस रविवारी करू शकतो.

एक-दोन फरशा पोकळ असतील तर तेवढ्याच काढा. आधी भोवतालचे सांधे मोकळे करा आणि मग फरशीच्या मध्यापासून कडेकडे या, म्हणजे शेजारची तडकत नाही. खालचा सुटा माल पक्का थर लागेपर्यंत काढून टाका आणि जागा सुकू द्या. पाव भागाहून अधिक फरशी पोकळ असेल, ढाळ उलटा असेल किंवा खालच्या मजल्याला गळती असेल तर मात्र मलमपट्टी करू नका. तेथे गवंड्याला बोलावून सगळी फरशी उचलणेच शेवटी स्वस्त पडते.

पूर्ण काम करताना क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा पाणी आणि गिझरची वीज बंद. नहाणी ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा बसवा, नाहीतर मलबा आत जाऊन नळी तुंबेल. फरशी निघाली की नळ्या दुरुस्त करा आणि एक दिवस पाणी सोडून सांधे कोरडे राहतात का ते बघा. मगच भराव ओला करून चोपा आणि त्यावर काँक्रीटचा थर द्या. वरच्या मजल्यावर आपल्याकडे विटांच्या तुकड्यांचा कोबा करण्याची पद्धत आहे, तीही चांगली. त्यावर जलरोधक लेप द्या आणि तो भिंतीवर निदान फूटभर चढवा. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात गवंडी ज्याला वाटा म्हणतात ती गोलाई करून घ्या. गळती बहुधा त्याच कोपऱ्यातून सुरू होते.

लेप वाळला की ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि किमान 24 तास, जमल्यास 48 तास थांबा. पातळी ठळकपणे उतरली नाही आणि खाली ओल दिसली नाही तरच फरशी बसवा. या परीक्षेसाठी गवंडी कुरकुर करील, त्याचा रोज बुडतो. तो रोज द्यावा, पण परीक्षा सोडू नये.

फरशी बसवताना सिमेंट एक भाग आणि चाळलेली वाळू चार भाग असा माल धरतात. अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवावा. आवळू लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा वापरू नये. ढाळ जाळीकडे दर चार फुटांना अर्धा ते पाऊण इंच असावा. त्याहून कमी असेल तर पाणी साचते, आणि फार जास्त असेल तर वयस्कर माणसाचा तोल जातो. फरशी खरखरीत घ्यावी. दुकानात चकचकीत फरशी मोह घालते, पण ती दिवाणखान्यासाठी आहे. दुकानदारासमोरच तिच्यावर पाणी टाका आणि ओला तळवा घासून बघा. सिमेंटचे काम झाल्यावर ते सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. तेवढे दिवस घरातल्या वडील माणसांना मोरीत पक्क्या स्टुलावर बसवून आंघोळ घालावी.

हत्यारे कोणती घ्यावीत?

घरात कायमची ठेवावीत अशी हत्यारे थोडीच आहेत. सुमारे एक किलोचा हातोडा, एक चपटी आणि एक टोकदार छिन्नी, एक मध्यम थापी, लोखंडी घमेले, लाकडी रंधा आणि फूट-दीड फुटाची पाणसळ. सांधे खरवडायला हॅक्सॉच्या जुन्या पात्याचा तुकडा पुरतो, त्याला धरायच्या बाजूने जाड कापड गुंडाळावे. सांधे भरायला रबरी पट्टी, आणि फरशी ठोकून बसवायला रबरी हातोडा. साध्या हातोड्याने फरशीला न दिसणारी चीर जाते.

घेताना काही गोष्टी पाहाव्यात. हातोड्याचे डोके दांड्यात घट्ट बसलेले असावे आणि पाचर मारलेली असावी. थापी हातात धरून मनगट फिरवून बघावे. छिन्नी हातोड्याच्या घावाने वरून फुलासारखी पसरते. त्या पसरलेल्या कडेचे कण उडून डोळ्यात जातात. अशी छिन्नी वापरण्याआधी लोहाराकडून घासून घ्यावी. पाणसळ घेताना एका जागी ठेवून बुडबुडा पाहावा, मग तिथेच तिची टोके उलटसुलट करून पुन्हा पाहावा. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला तर ती खरी.

फरशीच्या चिकट मसाल्यासाठी खाचेदार थापी लागते, ती त्याच वेळी घ्यावी. फरशी कापण्याचे हाताचे यंत्र एका कामासाठी विकत घेऊ नये, भाड्याने मिळते. विजेवरचे ग्राइंडर मात्र सरावाच्या कारागिराच्याच हाती द्यावे आणि त्याची चकती झाकणारे कव्हर काढलेले नाही ना ते पाहावे.

काम करणाऱ्याने अंगाला जपावे

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. ते तासन्‌तास कातडीवर राहिले तर आधी दुखत नाही, पण संध्याकाळपर्यंत खोल भाजल्यासारखी जखम होते. गुडघे टेकून काम करणाऱ्यांच्या पँटीतून ते मुरते. रबरी हातमोजे आणि गमबूट घालावेत, गुडघ्याखाली जाड रबराचा तुकडा घ्यावा. कपडा भिजला तर लगेच बदलून कातडी भरपूर पाण्याने धुवावी. सिमेंट किंवा चुना डोळ्यात उडाला तर चोळू नये. वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मग डॉक्टरकडे जावे. डोळे धुतल्याशिवाय रिक्षा शोधायला धावू नये.

काँक्रीट, दगड आणि टाइल सुकी कापताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो, आणि झालेली इजा भरून येत नाही. 1997 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. म्हणून कापायचे ते पाणी मारत, आणि कापणाऱ्याने तोंडाला एन-95 मास्क लावून. रुमालाने ही धूळ अडत नाही. गवंडी "आम्हाला सवय आहे" म्हणेल. फुप्फुसांना सवय होत नसते. त्याच्यासाठी मास्क आणून देणे हे घरमालकाचे काम आहे.

विजेचे यंत्र आणि ओली जमीन एकत्र आली की जीव धोक्यात येतो. तुटकी वायर आणि नुसत्या तारा खोचलेला सॉकेट चालू देऊ नये. गळती होताच प्रवाह तोडणारे 30 मिलिअँपिअरचे सुरक्षा उपकरण आणि चांगले अर्थिंग घरात असावेच. सिमेंटचे पोते 50 किलोचे असते, ते दोघांनी गुडघ्यात वाकून उचलावे. फोडताना खरचटले तर जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

काम संपल्यावर

फरशी नवी झाली तरी दोन गोष्टी करून घ्याव्यात. कमोडजवळ आणि आंघोळीच्या जागी, पावणेतीन ते तीन फुटांवर, भिंतीला पक्की दांडी बसवावी. टॉवेलची दांडी आधाराला चालत नाही, ती माणसासकट खाली येते. भोक पाडण्याआधी भिंतीत वायर किंवा नळी कोठून गेली आहे ते पाहावे. दुसरी गोष्ट म्हणजे वीज गेल्यावर लागणारा छोटा दिवा. बाथरूमची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असली तर उत्तमच.

एवढे करूनही कोणी पडलेच, आणि पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळलेले असेल किंवा पाय हलवताना कळ येत असेल, तर त्या माणसाला धरून उभे करू नका, चोळू नका, चालवू नका. आहे तसेच झोपवून पांघरूण घाला, वाहन बोलवा आणि फळीवर घेऊन न्या.

आजी आता वॉकर घेऊन हिंडतात. मध्यंतरी टाके पाहायला त्यांच्या घरी गेलो होतो. मुलाने बाथरूम पूर्ण उचलून नवे केले होते, खरखरीत फरशी, दांडी, दिवा, सगळे. ऑपरेशनला जेवढा पैसा गेला त्याच्या लहानशा हिश्श्यात ते काम झाले होते, असे तोच हिशेब करून सांगत होता. आजींनी मला ते दाखवले आणि म्हणाल्या, "झालं छान. पण डॉक्टर, मी अजून त्या कोपऱ्याला वळसाच घालते."

आपल्या घरात कोणी असा वळसा घालत असेल, तर त्याला कोपरा विचारा. नाणे घेऊन ठोकायला आजची संध्याकाळ पुरेल.